सयाजीराव नावाचा घोडा

सयाजीराव म्हटले की आपल्यासमोर एकच माणूस उभा राहतो. बडोद्याचे महाराज. पण इंग्लंडमधल्या घोड्यांच्या वंशनोंदीत याच नावाखाली वेगळी माहिती सापडते. रंग तपकिरी, जन्म १९४४, बाप निआर्को, आई रोझी लेजंड. मालक बडोद्याचे महाराज.

होय मंडळी, सयाजीराव नावाचा एक शर्यतीचा घोडा होता, आणि साधासुधा नव्हता. देश स्वतंत्र झाल्याला महिनाही उलटला नव्हता तेव्हा इंग्लंडमधली सगळ्यात जुनी मानाची रेस त्याने जिंकली. गेले काही महिने मी या घोड्याच्या मागे लागलो आहे. घरचे हसतात. आयुष्यभर रेसकोर्सची पायरी न चढलेला मास्तर पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर घोड्यांची वंशावळ पाठ करतोय, असे सौ. फोनवर लेकीला सांगत होती. सांगू दे. मला या घोड्याच्या निमित्ताने शाळेतला एक जुना वाद पुन्हा मांडायचा आहे. पण आधी घोडा.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना घोडा नवा नाही. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या लेखात अश्वमेधाचा उल्लेख आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून जुन्नर मारले, तेव्हा तीन लाख होनांबरोबर दोनशे घोडे नेले. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा खाली उतरली की तिच्या काठची ती भीमथडीची तट्टे. बुटकी, काटक, दिसायला फार काही नसलेली. मराठ्यांचे राज्य त्यांच्याच पाठीवरून हिंदुस्थानभर फिरले. त्यांची वंशावळ कुणी लिहून ठेवली नाही. चढाला दमत नाही, चारा नसला तरी चालते, एवढीच त्यांची परीक्षा.

आणि ज्या गायकवाडांची ही गोष्ट, तेही लांबचे नव्हेत. दावडी हे गाव आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातले, मंचरहून तासाभराच्या वाटेवर. गायकवाडांची दावडी म्हणूनच ते इतिहासात ओळखले जाते. त्या घराण्यातल्या दमाजींनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव कमावले, पुतण्या पिलाजीने गुजरातेत पाय रोवले आणि पुढे बडोद्याची गादी झाली. दावडीला लागूनच निमगाव, खंडोबाचे. तिथल्या घाटात आजही बैलगाडे पळतात. म्हणजे ज्या मातीत आज पळणाऱ्या खोंडाला लोक लाखांनी पैसे मोजतात, तिथल्याच घराण्याच्या वंशजाने इंग्लंडमध्ये एका शिंगराला विक्रमी किंमत मोजली. मातीचा गुण म्हणायचा की काय!

आता ते शिंगरू. इंग्रजांच्या शर्यतीच्या घोड्यांना थरोब्रेड म्हणतात. त्यांची वंशनोंद १७९१ पासून छापली जाते. बापाकडून मागे मागे जात राहिले की सगळे घोडे शेवटी पूर्वेकडून इंग्लंडात नेलेल्या तीन वळू घोड्यांपर्यंत पोचतात. तिथे घोड्याची किंमत आधी कागदावर ठरते आणि मग पायांवर. बाप कोण, आई कोण, भावंडांनी काय केले, आईच्या आईने काय केले. लग्न जुळवताना आपल्याकडे चौकशी होते तशीच, जरा जास्तच कसून.

आपल्या घोड्याचा बाप निआर्को हा इटलीचा. फेदेरिको तेसियो नावाच्या जगप्रसिद्ध पैदासकाराने तो तयार केला. चौदा वेळा पळाला, चौदाही वेळा जिंकला. १९३८ मध्ये तो साठ हजार पौंडांना विकला गेला आणि इंग्लंडात आला. लढाईच्या काळात न्यूमार्केटला बॉम्ब पडतील या भीतीने त्याच्यासाठी खास बंकर बांधला होता म्हणे. माणसे उघड्यावर आणि घोडा बंकरात! असो.

आई रोझी लेजंड ही फ्रान्सची घोडी. तिला सर एरिक ओल्सन यांनी विकत घेतले तेव्हा ती निआर्कोपासून गाभण होती. त्या शिंगराचे नाव पुढे दांते पडले. ओल्सननी दांतेला वर्षाचा असताना लिलावात उभे केले, पण ठरवलेली किमान किंमतसुद्धा कुणी बोलेना. शेवटी घरी परत आणला. तो घरी परत आलेला दांते १९४५ ची डर्बी जिंकला! आणि त्याच वर्षी ओल्सननी दांतेचा सख्खा धाकटा भाऊ लिलावात आणला. तोच बाप, तीच आई. आता मात्र बोली थांबेना. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी अठ्ठावीस हजार गिनींना तो घेतला. वर्षाच्या शिंगरासाठी तोवर कुणी इतकी किंमत दिली नव्हती.

हा हिशेब मी फळ्यावर मांडल्यासारखा मांडतो. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. अठ्ठावीस हजार गिनी म्हणजे एकोणतीस हजार चारशे पौंड. त्या वेळी एका रुपयाला दीड शिलिंग, म्हणजे पौंडाला तेरा रुपये आणि वर तिसरा हिस्सा. गुणाकार केला की तीन लाख ब्याण्णव हजार रुपये येतात. १९४५ चे! अजून एकदाही न पळालेल्या शिंगराचे.

पुन्हा लक्षात घ्या, रक्तात काहीच फरक नव्हता. दांतेला कुणी विचारले नाही आणि धाकट्यासाठी विक्रम मोडला. मधल्या काळात रक्त बदलले नव्हते, एका भावाने पळून दाखवले होते, एवढेच. लोक म्हणतात रक्त विकत घेतले. मला वाटते लोक पुरावा विकत घेतात आणि नाव रक्ताचे करतात.

प्रतापसिंहरावांना घोड्यांचा नाद होताच. १९४३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली ती त्यांच्याच प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट हा त्यांचा जॉकी. पुढे त्यांनी न्यूमार्केटची वॉरन प्लेस ही पागा विकत घेतली आणि सॅम आर्मस्ट्राँग या ट्रेनरच्या हाती सोपवली. नव्या शिंगराला त्यांनी आजोबांचे नाव दिले. सयाजीराव. आजोबांना जाऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती.

आपल्याकडे घोड्याला वाडवडिलांचे नाव दिले तर घरात भांडण होईल. बैलाला सर्जा म्हणावे, राजा म्हणावे, पण आजोबांचे नाव? मलाही पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटले. नंतर विचार केला, नातवाला जे सगळ्यात मोलाचे वाटत होते त्याला त्याने सगळ्यात मोठे नाव दिले. माया दाखवायची ज्याची त्याची रीत.

आता रेस. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठी पाच मानाच्या रेसेस असतात. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या. टू थाउजंड गिनीज ही एक मैलाची, डर्बी दीड मैलाची, आणि सेंट लेजर पावणेदोन मैलांहून थोडी जास्त. पहिलीत वेग लागतो, शेवटचीत दम. सेंट लेजर १७७६ पासून चालत आलेली, डर्बीपेक्षाही जुनी.

१९४७ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये सयाजीराव पळाला. जिंकला ट्यूडर मिन्स्ट्रेल, तोही आठ लांब्यांनी, म्हणजे आठ घोडे एकापुढे एक उभे केले तर होईल एवढ्या अंतराने. आपला घोडा तिसरा. मग लिंगफील्डला डर्बीची तयारी म्हणून जी रेस होते ती जिंकला. आशा वाढली. जूनमध्ये डर्बी. पर्ल डायव्हर हा फ्रान्सचा घोडा, ज्याच्यावर फारसे कुणी पैसे लावले नव्हते, तो पहिला आला. आगाखानांचा मिगोली दुसरा. सयाजीराव पुन्हा तिसरा. गंमत म्हणजे गिनीजमध्ये सगळ्यांना धूळ चारणारा ट्यूडर मिन्स्ट्रेल त्याच्याही मागे राहिला. अंतर अर्धा मैल वाढले आणि वेगवान घोड्याचा दम संपला.

दोन मोठ्या रेसेस, दोन्हीत तिसरा. भाऊ डर्बीविजेता. किंमत जगाला माहीत. वर्तमानपत्रवाल्यांना काय, लिहायला आयते मिळाले असणार. पण आर्मस्ट्राँगने एक गोष्ट पाहिली. जसजसे अंतर वाढते तसतसा हा घोडा पुढच्यांच्या जवळ सरकतो. त्याला आयर्लंडला नेले. तिथली डर्बी त्याने जिंकली. आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरला सेंट लेजरसाठी उभा केला.

ही रेस मी मनातल्या मनात पुष्कळदा पाहिली आहे. मार्सेल बुसाक या फ्रान्सच्या धनाढ्य मालकाचा आर्बार हा घोडा शेवटपर्यंत भिडलेला. दोघे खांद्याला खांदा लावून येतात, वर ब्रिट बसलेला, आणि निशाणापाशी सयाजीराव पुढे निघतो तो फक्त एका डोक्याने. डर्बीत त्याच्या पुढे असलेला मिगोली या वेळी मागे. पुढच्या वर्षी याच आर्बारने ॲस्कॉटचा गोल्ड कप जिंकला, म्हणजे हरवलेला घोडा काही लेचापेचा नव्हता. आणखी एक. दोन वर्षांपूर्वी दांतेला ही रेस पळताच आली नव्हती, आधीच नाव मागे घ्यावे लागले होते. थोरल्याच्या हातून राहून गेलेले धाकट्याने केले. पुढच्या वर्षी सयाजीराव ॲस्कॉटला हार्डविक स्टेक्सही जिंकला आणि मग त्याचे पळणे थांबवून त्याला पैदाशीसाठी आयर्लंडला ठेवले.

घोड्याचे दुसरे आयुष्य इथे सुरू होते. पहिले दोन-तीन वर्षांचे, दुसरे पंधरा-सतरा वर्षांचे. सयाजीरावने आपल्या लेकरांना काय दिले? दम दिला. त्याची ग्लॅडनेस नावाची घोडी, व्हिन्सेंट ओब्रायन या थोर ट्रेनरच्या पागेतली. तिने १९५८ या एकाच वर्षात ॲस्कॉटचा गोल्ड कप, गुडवुड कप आणि यॉर्कची एबर हँडिकॅप अशा लांब पल्ल्याच्या रेसेस जिंकल्या. लिंक्रिस या दुसऱ्या लेकीने १९६० मध्ये आयरिश ओक्स जिंकली. आय से हा मुलगा १९६५ च्या डर्बीत तिसरा आला, बापासारखाच, आणि पुढच्या वर्षी कोरोनेशन कप घेऊन गेला. इंडियाना १९६४ च्या डर्बीत दुसरा आला आणि त्याच वर्षी सेंट लेजर जिंकला. बापाने जिंकलेली रेस सतरा वर्षांनी मुलाने जिंकली. ग्लॅडनेसची लेक मेरी मेट १९६६ मध्ये आयरिश ओक्स जिंकली. आणि त्याच वर्षी, १९६६ मध्ये, बावीस वर्षांचा होऊन सयाजीराव गेला. त्याचे सगळे आयुष्य इंग्लंड-आयर्लंडात गेले. दावडी काय आणि बडोदा काय, त्याला ठाऊकच नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग झाले की! बाप तसा बेटा. खाण तशी माती. तुम्हीच तर पुरावा दिलात.

थांबा. याच म्हणीसाठी तर हा सगळा प्रपंच.

माझ्या नोकरीची पहिली वर्षे आंबेगावच्या पश्चिमेला डोंगरी भागात गेली. महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुले. हिरड्याचा हंगाम आला की निम्मा वर्ग रानात, भाताची आवणी लागली की उरलेला निम्मा चिखलात. एक मुलगा होता. तोंडी हिशेबात असा की मी फळ्यावर आकडा लिहीपर्यंत उत्तर यायचे. लिहिण्यात मात्र अडखळायचा, कारण महिन्यातून दहा दिवस तो वर्गात नसे. सातवीच्या परीक्षेत भाषेत गेला. मी म्हटले, एक वर्ष अजून द्या, हा निघेल. माझे एक वरिष्ठ तंबाखू मळता मळता म्हणाले, "खाण तशी माती हो. यांच्या रक्तातच नाही ते." मी दोनदा त्या मुलाच्या पाड्यावर गेलो. बाप भला माणूस. पण साहेबच म्हणतात जमणार नाही, तर मी कशाला आणखी एक वर्ष पोटाला चिमटा घेऊ, हे त्याचे म्हणणे. मुलगा कामाला लागला. पुढे मंचरच्या बाजारात पाठीवर पोती वाहताना दिसायचा. भेटला की वाकून नमस्कार करायचा. अडत्याने पट्टी करायच्या आत त्याच्या तोंडी हिशेब तयार असे.

त्याच्याच शेजारी मला तो घोडा उभा करायचा आहे.

घोडा दोन मोठ्या परीक्षांत तिसरा आला. कुणी म्हणाले का की याच्या रक्तातच नाही? अठ्ठावीस हजार गिनी मोजल्या होत्या! पागा होती, ट्रेनर होता, खरारा करणारा पोऱ्या होता, खुराक होता. हरला तर का हरला ते शोधायला माणसे होती. अंतर कमी पडतेय का, आयर्लंडला नेऊन बघू का, अजून तीन महिने थांबू का. लिंगफील्ड मिळाले, आयर्लंड मिळाले, मग डॉनकास्टर. रक्त तर होतेच, मी कुठे नाही म्हणतो? पण ते रक्त वर यायला जो धीर लागला तो पैशाने विकत घेतलेला होता. ज्याच्यावर खर्च झाला त्याला आणखी एक संधी मिळते. ज्याच्यावर काहीच खर्च झाला नाही त्याच्या पहिल्याच अपयशाला लोक रक्त म्हणतात.

आणि गंमत बघा, हे सगळे ज्याला आधी कळले होते त्या माणसाचेच नाव त्या घोड्याला दिले होते.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव. जन्म १८६३. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या फांदीवरचे, शेतीवर गुजराण करणारे. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी गादीवरून काढले आणि खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची परवानगी दिली. कवळाण्याहून मुले आणली. सगळी एकाच रक्ताची. कशाला आलास असे विचारल्यावर गोपाळ म्हणाला, राज्य करायला आलोय, अशी गोष्ट सांगतात. बारा वर्षांचा मुलगा, अक्षरओळख जेमतेम. बरोबरीची मुले केव्हाच पुढे गेलेली. आमच्या सातवीच्या फूटपट्टीने मोजला असता तर नापासच.

मग त्याच्यावर खर्च झाला. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले, खास शाळा काढली, दिवाण टी. माधवराव यांनी राज्यकारभार शिकवला. मराठी, गुजराती, इंग्रजी, हिशेब, घोड्यावर बसणे, तालीम. सहा वर्षांत, १८८१ च्या डिसेंबरात, तो मुलगा पूर्ण अधिकारांनिशी राजा झाला. रक्ताने त्याला वाड्याच्या दारापर्यंत आणून सोडले, हे खरे. आतले सगळे शिक्षकांचे काम.

त्याने ते लक्षात ठेवले, हे मला फार मोठे वाटते. पुष्कळ लोक शिडी चढून गेले की म्हणतात, आम्ही उडून आलो. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला, मुलींसकट. ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता. १९११ मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. विधेयक फेटाळले गेले, पैसे नाहीत हे कारण त्यातलेच. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला याच संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. कायद्याची भाषा बाजूला ठेवली तर सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ एवढाच निघतो की सरकारने प्रत्येक पोरासाठी आधीच किंमत मोजून ठेवायची. लिलाव नाही, वंशावळ नाही, भावाने डर्बी जिंकली का ही चौकशी नाही.

आता नातवाकडे परत येऊ. प्रतापसिंहरावांच्या अंगात आजोबांचे रक्त होते, थेट मुलाकडून आलेले. गोपाळरावासारखे दूरच्या फांदीवरचे नव्हे. पण संस्थानच्या पैशावरून मोठा वाद झाला, १९४९ मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. पुढे ते युरोपातच राहिले आणि १९६८ मध्ये लंडनला वारले, घोड्यानंतर दोन वर्षांनी. रक्तच सगळे ठरवते म्हणणाऱ्यांनी इथे काय म्हणायचे ते त्यांनीच ठरवावे.

तरी त्यांच्या पदरात जे पडते ते घातलेच पाहिजे. घोड्यांची जाण त्यांना पक्की होती. सयाजीराव जिंकला त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांच्याच माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. आणि त्यांनी आजोबांचे नाव आणखी एका ठिकाणी दिले. १९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ उभे राहिले ते त्यांच्याच हातून, आजोबांची इच्छा म्हणून. एकाच माणसाने एकच नाव एका घोड्याला दिले आणि एका विद्यापीठाला दिले. दोन्हींवर खर्च केला. घोडा गेला, त्याची लेकरे-नातवंडे वंशनोंदीच्या पानांत राहिली. विद्यापीठात आजही पोरे शिकतात, आणि दारात त्यांना बाप कोण म्हणून विचारत नाहीत.

आमच्या भागात २०१४ मध्ये न्यायालयाने बैलगाडे बंद केले, तेव्हा पारावर रोज एक प्रश्न असे. आता या खोंडांचे काय होणार? डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केले, घाट पुन्हा भरले. त्या सात वर्षांत कितीतरी शेतकऱ्यांनी न पळणारा बैल घरी खुंट्याला बांधून पोसला. पेंड चुकवली नाही, रोजचे चालणे चुकवले नाही. उद्या घाट सुरू झाला तर याचा दम मोडलेला नको, म्हणून. माझा एक जुना विद्यार्थी त्यातलाच. मी त्याला विचारले, अरे, कशाच्या भरवशावर? म्हणाला, "गुरुजी, पळतो का नाय ते पळवल्याबिगर कसं कळणार?"

बैलाच्या बाबतीत आमचे लोक हे बरोबर जाणतात. घोड्याच्या बाबतीत इंग्रज जाणतात. पोराच्या बाबतीत मात्र पहिल्याच इयत्तेत रक्त आठवते.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या खानदानात असा कुणी ना कुणी आहे, जो एकदा-दोनदा मागे राहिला होता आणि तरी कुणीतरी त्याच्यासाठी आणखी एक वर्ष फी भरली, एखादी पाटली मोडली, एखादी म्हैस विकली. ते पैसे कुणी दिले याची नावे आपल्या वंशावळीत नाहीत. त्यात फक्त बाप आणि मुलगे आहेत. मला ती नावे कळवा. मी वहीत लिहून ठेवतो आहे. आतापर्यंत अकरा झाली, त्यातल्या आठ बायका आहेत.